धुऊन, घडी घालून दिलेलं पातळ

"सोंग काढाचं तं राजाचं काढ, मोराचं काढ. घरात रोज येनाऱ्या माणसाचं सोंग नोको काढू वं. राजा काही पाहाले येत नाही. अनुसया येईन."

मुन्नीबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या दारातल्या ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांची सून योगेश्वरी आत शिलाई मशीनमध्ये दोरा ओवत होती.

"आई, फॅन्सी ड्रेस आहे तो. गंमत असते," असं म्हणून तिनं मशीनचं चाक फिरवलं. मशीनच्या आवाजात सासूबाईंचं पुढचं बोलणं बुडून गेलं. ऐकू आलं असतं तरी तिनं ते मनावर घेतलं नसतं. आपल्या घरातली म्हातारी माणसं काय सांगतात ते आपण तरी कुठे मनावर घेतो?

फुलचूरच्या नव्या वस्तीत योगेश्वरीचं घर. नवरा खुमेंद्र सरकारी कार्यालयात नोकरीला. ती स्वतः एम.ए. झालेली, दुसरीतल्या दिव्यानीची आई, आणि काळजी हा तिचा स्वभावच! लेकीच्या डब्यात पोळीचा तुकडा उरला की आज वर्गात कुणी काही बोललं का, इथपर्यंत तिची चौकशी जायची. शाळेच्या बसमध्ये दिव्यानी कुणाजवळ बसते, मधल्या सुट्टीत कुणाशी खेळते, सगळं तिला ठाऊक. डोळ्यांत तेल घालून लेकरू वाढवणारी आई. आपल्यातल्या पुष्कळ जणी अशाच आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या भागात लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मुलं मैदानात आणतात, मग घरोघरी नेऊन बोजारा मागतात. कुणी हातावर नाणं ठेवतं, कुणी चॉकलेट. वस्तीच्या मंडळानं अलीकडे त्याला वेशभूषा स्पर्धा जोडली होती. नंदी राहिला बाजूला, आयांची चढाओढ सुरू झाली. मागच्या वर्षी योगेश्वरीनं दिव्यानीला परी केलं. जाळीचे पंख मंचावर चढतानाच गळून पडले आणि दिव्यानी भोकाड पसरून बसली. पहिला नंबर पलीकडच्या गल्लीतल्या मुलाला मिळाला. तो भिकारी झाला होता. हातात जर्मनची वाटी, अंगात फाटका बनियन. लोक हसून हसून लोळले.

ते योगेश्वरीच्या डोक्यात बसलं. यंदा तिनं वर्षभर आधीच ठरवलं होतं, लोकांना ओळखीचं वाटेल असंच काहीतरी करायचं. आणि ओळखीचं माणूस तर रोज सकाळी मागच्या दारानं घरात येत होतं.

अनुसयाबाई भांडी-लादीला यायची. तिचा नवरा मनिराम एका राइस मिलमध्ये हमाल. त्यांची रविता दिव्यानीच्याच शाळेत, दिव्यानीच्याच वर्गात होती. मोफत जागांवर गरिबांच्या मुलांना त्या शाळेत घेतात, हे अनुसयाबाईला योगेश्वरीनंच सांगितलं होतं. अर्ज तिनंच भरला, शाळेतही तीच घेऊन गेली. "पोरगी हुशार आहे, तिला वाया जाऊ देऊ नका," असं तिनं मनिरामला दटावलं होतं. रविता होतीच तशी. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायची. वर्गात वाचायला कोण उठतं, असं विचारलं की तिचाच हात वर.

म्हणजे योगेश्वरी वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल.

"अनुसयाबाई, एखादं जुनं पातळ असेल तर द्याल का? दिव्यानीला तान्ह्या पोळ्यासाठी ड्रेस शिवायचाय."

अनुसयाबाईनं भांडं घासता घासता वर पाहिलं. "माह्या पातळाचा? दिव्यानी बेबीले?"

"हो."

"तुमच्या घरी काय कमी हाय ताई! आमचं पातळ काऊन?"

"मला तसंच पाहिजे."

अनुसयाबाई हसली. राखेचा हात तिनं कमरेला पुसला. दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून पातळ घेऊन आली. पोपटी, तांबड्या काठाचं. निरम्यात धुतलेलं, उशीखाली दाबून घडी बसवलेलं. पदराच्या टोकाला छोटं ठिगळ होतं, पिवळ्या फुलांच्या कापडाचं.

"हे रवीच्या पैल्या फ्राकाचं कापड हाय," ती म्हणाली. "खिळ्यात अटकून पदर फाटला तं तेच लावलं. रवीले झोपताना हाच तुकडा धराले लागे. आता मोठी झाली, आता नाही लागत. काय बनवता ताई, रानी का?"

योगेश्वरीनं पातळ हातावर घेतलं. "बघा तर तुम्ही," ती म्हणाली. "सरप्राइज आहे."

पातळ तिनं दिव्यानीच्या मापानं कापलं. लहान मुलीला नेसवलं तर सुटतं, म्हणून निऱ्या शिवूनच घेतल्या आणि कमरेला इलास्टिक टाकलं. जुन्या परकराचं पोलकं बेतलं. शिवणात तिचा हात चांगला होता. पण आरशासमोर दिव्यानीला उभं केलं तर ती एखाद्या लग्नघरातल्या पाहुणीसारखी दिसायला लागली! कामवाली वाटेना.

मग योगेश्वरीनं खुमेंद्रच्या जुन्या शर्टाचे तुकडे घेऊन आणखी ठिगळं लावली. कापड फाटलेलं नव्हतं तिथेही. पिवळ्या फुलांचं खरं ठिगळ तिनं उसवून समोर, पोटावर दिसेल असं लावलं. चहाचं पाणी शिंपडलं. तव्याची काजळी बोटावर घेऊन ती पदराला, त्या ठिगळाला फासत होती, तेवढ्यात मुन्नीबाई आत आल्या.

"काय करून राहिली वं हे?"

"लूक यायला पाहिजे ना, आई."

मुन्नीबाईंनी पदराचं टोक बोटांत धरून पाहिलं. "तिनं धुऊन देल्लं होतं," एवढंच म्हणाल्या आणि डाळीचं सूप घेऊन परत ओट्यावर गेल्या.

योगेश्वरीला राग आला. या सगळ्यात एक संदेशही आहे, हे सासूबाईंना कोण सांगणार! दिव्यानीला तिनं शेवटचं वाक्य पाठ करून दिलं होतं, 'कामवालीही माणूस आहे, तिचा मान राखा.' त्याआधीची वाक्यं मात्र हसवणारी होती. ती तिला शोधावी लागली नाहीत. मागच्या पावसाळ्यात रविता तापानं फणफणली होती, तेव्हा अनुसयाबाई दारात उभी राहून जे बोलली होती, जसं बोलली होती, तेच तिनं लेकीला शिकवलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मैदान भरून गेलं. तोरणाखाली नंदींची रांग लागली. माइक मंडळाच्या भैयाजींच्या हातात होता. मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायची त्यांची सवय.

"आता येणार आहे आपल्या वस्तीची लाडकी दिव्यानी! तो भाइयो और बहनो, हो जाए जोरदार तालियाँ!"

योगेश्वरी मंचाच्या कडेला उभी होती. तिथून तिला पुढची रांग दिसली, आणि त्या रांगेत अनुसयाबाई दिसली. अंगावर ठेवणीतली साडी, केसांत शेवंती. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "आमच्याच पातळाचा ड्रेस हाय, पाहा तुमी." तिच्यासमोर रविता, हातात नंदीची दोरी. नंदी मनिरामनं मिलमधल्या फळीच्या तुकड्यातून कोरलेला होता. एक शिंग जरा आखूड, पण गळ्यात घुंगरू.

दिव्यानी मंचावर आली. काखेत टोपली, हातात झाडू, गालाला काजळी. नाक ओढून, कमरेवर हात ठेवून तिनं सुरुवात केली.

"ताई वं, उद्या मी येनार नाही! माह्या पोट्टीले ताप आला! कोनी नाही वं घरी तिच्यापाशी! चाय देता का ताई, कालचा बी चालते!"

मैदान फुटलं हसून! आवाज तोच, हेल तोच, हात हलवायची लकबही तीच. "वन्स मोअर!" कुणीतरी ओरडलं. दिव्यानीनं पुन्हा म्हटलं. त्या हशात संदेशाचं वाक्य दिव्यानी बोलली की विसरली, कुणालाच कळलं नाही. भैयाजींनी तर माइकही काढून घेतला होता. "क्या बात है! अगदी ओरिजिनल!"

योगेश्वरीही हसत होती. हसता हसता तिची नजर पुढच्या रांगेकडे गेली.

अनुसयाबाई हसत होती. सगळे हसताहेत म्हणून माणूस हसतं, तसं. रविता हसत नव्हती. ती दिव्यानीच्या पोटावरच्या पिवळ्या फुलांच्या तुकड्याकडे पाहत होती. मग मागून वर्गातल्याच कुण्या मुलानं हाळी दिली, "ए रविता, तुझी आई बघ! तुझी आई!"

सगळी लेकरं वळून पाहायला लागली. रवितानं नंदी उचलून छातीशी धरला. अनुसयाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि लेकीचं बोट धरून ती गर्दीतून निघून गेली. पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा त्यांची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई नेहमीसारखी आली. भांडी घासली, लादी पुसली. योगेश्वरीनं तिला चहा दिला. ताजा. तिनं कप तसाच ठेवला. "आज मन नाही ताई," ती म्हणाली.

त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं! पण योगेश्वरीनं मनाची समजूत घातली. होईल सगळं नीट, लेकरं विसरतात. उलट तिनं अनुसयाबाईला एक नवी साडी दिली, दसऱ्याची म्हणून, दसऱ्याच्या कितीतरी आधी. अनुसयाबाईनं ती घेतली. नेसलेली मात्र कधी दिसली नाही.

आणि मग एका संध्याकाळी दिव्यानी डबा काढून ठेवताना म्हणाली, "आई, रविता आता वर्गात वाचत नाही. मॅडमनं उभं केलं तरी गप्पच राहते."

"का गं?"

"ती 'माह्या' म्हणते ना. मग सगळे म्हणतात, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. 'ताई वं, उद्या मी येनार नाही' असं म्हणतात." दिव्यानीनं मान खाली घातली. "मीपण म्हटलं एकदा."

लेकीच्या उरलेल्या पोळीवरून वर्गातलं सगळं ओळखणारी ही आई! तिच्या लेकीशेजारच्या बाकावर एक मूल मुकं होत होतं, ते तिला दिसलं नव्हतं. कारण ते मूल तिचं नव्हतं.

ती अनुसयाबाईशी बोलणार, तोच अनुसयाबाईच बोलली. उद्यापासून दुसरी बाई बघा, असं म्हणाली. पलीकडच्या वस्तीत काम धरलं होतं तिनं. आणि रविताला आजीकडे, गावी पाठवलं होतं.

"शाळा?" योगेश्वरीनं विचारलं. "अहो, इतकी चांगली शाळा! ती जागा पुन्हा मिळायची नाही."

"तिकडं बी शाळा हाय ताई. तिथं सगळेच असेच बोलतेत. कोनी हासत नाही."

"माझं चुकलं, अनुसयाबाई."

अनुसयाबाईनं पायरीवरची चप्पल पायात सरकवली. मग थांबली. "एक सांगू ताई? तुमी सांगतलं असतं ना, का फाटकी बाई दाखवाची हाय, तं मी फाटकं पातळ देल्लं असतं. माह्याजवळ होतं. पन मले वाटलं बेबी घालनार हाय, म्हणून मी चांगलं देल्लं."

एवढं बोलून ती गेली. तिनं आवाजही चढवला नव्हता.

योगेश्वरी त्या रात्री जेवली नाही. खुमेंद्र म्हणाला, "तू मुद्दाम थोडंच केलं? लोकांनी हसायला नको होतं."

"लोकाईले हासवाले कोन गेलं होतं रे?" मुन्नीबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता. "आयक वं. मी धानाच्या रोवन्याले जाऊ तवा चिखलानं भरलेलं लुगडं दिवसभर अंगावर राहे. पन घरी येताना नहरावर धुऊ, मंगच गावात शिरू. कोनी चिखलातलं पाहू नये म्हणून. गरीब माणूस आपली गरिबी धुऊन, घडी करून चारचौघात आनते. तू ते घडी केलेलं उलगडून त्याले काजळी फासली. तुले वाटलं कपडाच तं हाय."

"आई, शेवटी मान राखा असं वाक्य होतं त्यात."

"वाक्य होतं. मान कुठं होता?"

योगेश्वरीला रडू फुटलं. त्या शिवलेल्या निऱ्या, ती खोटी ठिगळं, ते उसवून समोर मिरवलेलं खरं ठिगळ! सगळं तिच्या शिकलेल्या हातांनी केलेलं होतं. सकाळी तिनं पातळ काढलं आणि एकेक टाका उसवला. शर्टाचे तुकडे काढून टाकले. पातळ भिजवलं, चोळलं, पुन्हा भिजवलं. चहाचे डाग फिके झाले. पिवळ्या फुलांच्या तुकड्यावरची काजळी मात्र निघेना. आणि कापलेलं पातळ पुन्हा अखंड होण्यासारखं नव्हतंच.

दिवाळीच्या आधी, शेतात धान पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हा सासू-सून एसटीनं त्या गावी गेल्या. इटियाडोह धरणाच्या कालव्याला लागून असलेलं गाव. रविताची आजी देवकाबाई अंगण सारवत होती. पाहुणे पाहून तिनं खाट टाकली, पाणी दिलं. रविता दारामागे उभी राहिली. नुसता फ्रॉकचा काठ दिसत होता.

"रविता, बाळा, मी तुला न्यायला आलेय," योगेश्वरी म्हणाली. "मी शाळेत बोलते. मॅडमशी बोलते. कुणी हसणार नाही. दिव्यानी पण वाट बघतेय. काकूचं चुकलं गं."

दारामागचा फ्रॉकचा काठ आणखी आत सरकला.

"बोल नं वं रवी," देवकाबाई म्हणाली. मग पाहुण्यांना म्हणाली, "इथं आली तवापासून कमीच बोलते. पैले तं बसच्या पाट्या वाचे, डोकं खाये माहं."

बऱ्याच वेळानं दारामागून बारीक आवाज आला. "माह्या फ्राकाचा तुकडा कुठं हाय?"

योगेश्वरीनं पिशवी उघडली. धुतलेलं, घडी घातलेलं पातळ काढलं आणि पदराच्या टोकाला पुन्हा शिवलेलं ते ठिगळ वर करून समोर धरलं. रविता बाहेर आली. तिनं तुकडा हातात घेतला, बोटानं चाचपला, नाकाशी नेला.

"हा मळला," ती म्हणाली.

आणि पातळ योगेश्वरीच्या मांडीवर ठेवून ती परत आत गेली.

परतीच्या बसमध्ये ते पातळ योगेश्वरीच्या मांडीवरच होतं. रविता आली नाही. पुढेही आली नाही. तिच्या जागी वर्गात दुसरं मूल बसलं. योगेश्वरीनं शाळेत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं, मंडळाच्या बैठकीत उभी राहून बोलली. भैयाजी आधी म्हणाले, "अरे मॅडम, इतना क्या सोचना!" पण मुन्नीबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, "तुमच्या चालीचं, तुमच्या बोलन्याचं सोंग काढू द्या एखाद्या पोट्ट्याले, तुमच्या नातवासमोर. मंग सांगा." भिकारी आणि कामवाली त्या मंचावर पुन्हा आले नाहीत.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला योगेश्वरीनं खुमेंद्रच्या जुन्या राखाडी सफारीचे पंख शिवले, स्वतःच्या लाल ओढणीची टोपी केली आणि दिव्यानीला सारस पक्षी बनवलं. नंबर आला नाही. मंचावरून उतरल्यावर दिव्यानीनं पुढच्या रांगेकडे पाहत विचारलं, "आई, रविता बघायला आली असेल का?"



जुन्या कपड्यांतून लेकरांसाठी जरूर शिवा. आपला शर्ट कापा, आपली ओढणी कापा, त्यातून राजा करा, वाघ करा, झाड करा. पण दुसऱ्याचं कष्टाचं जगणं हे आपल्या लेकराचं सोंग नव्हे! जिला आपण गंमत म्हणतो ती पुढच्या रांगेत बसलेल्या कुणाची तरी आई असते, हे आपण विसरू नये. योगेश्वरीला हे कळलं, पण एका मुलीचा आवाज गेल्यावर कळलं.

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. आज तुमचं लेकरू शाळेतून आलं की त्याच्या अभ्यासाचं नंतर विचारा. आधी हे विचारा, तुझ्या वर्गात पूर्वी बोलायचं आणि आता बोलत नाही, असं कुणी आहे का? काही दिवसांपासून कुणाचं बाक रिकामं आहे का? नाव कळलं तर त्या घरी जाऊन या. फोन करू नका, जा. उशीर झाला असं वाटलं तरी जा. आणि ते मूल दारामागे उभं असेल, तर ते बाहेर येईपर्यंत अंगणात थांबा.